'जाऊन राहिलं' म्हणजे थांबलं नव्हतं

सिस्टर,

'जाऊन राहिलं' या दोन शब्दांचा अर्थ मला कळला नाही, म्हणून कुंदाच्या बाबतीत चूक झाली, असं मी वीस वर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. पहिल्या वेळी मला अर्थ कळला नव्हता. दुसऱ्या वेळी कळला होता. आणि दुसऱ्या वेळी मी जे केलं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. या गोष्टीत तीन माणसं होती: तुम्ही, मी आणि ती. आता दोघंच उरलो.

परवा कारध्याला तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या मुलीने माझ्या हातात माइक दिला. "डॉक्टरसाहेब, आईबद्दल दोन शब्द बोला." बुद्धवंदना झाली होती, मंडपात तुमच्या खात्याच्या किती तरी नर्सबाया बसल्या होत्या. मी म्हणालो, "मेश्राम सिस्टर अतिशय कर्तव्यदक्ष आरोग्यसेविका होत्या," आणि बसलो. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात. "काय जी साहेब, गोपनीय अहवाल वाचून राहिले का?" म्हणाला असतात. म्हणून हे लिहितोय. माइकवर जे बोलता आलं नाही ते.

मी आलो तेव्हा भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन थोडीच वर्षं झाली होती. गोंदियाला कोण गेलं, इकडे कोण राहिलं, याचा घोळ अजून मिटला नव्हता. आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या दोन जागा होत्या, एक रिकामीच. दुसरीवर मी, साताऱ्याकडचा, सव्वीस वर्षांचा, नव्या बॅगेतून स्टेथोस्कोप बाहेर डोकावतोय असा. पहिल्याच दिवशी तुम्ही मला विचारलंत, "काहून जी, घाबरून राहिले का?" मला वाटलं, घाबरून इथे राहणार आहात का, असं विचारताय. मी म्हणालो, "नाही नाही, राहणार ना, तीन वर्षं तरी राहणार." तुम्ही आणि कंपाउंडर किती हसलात! मग तुम्हीच मला शिकवायला घेतलंत. 'मले' म्हणजे मला, 'कायले' म्हणजे कशाला. "आणि साहेब, तुमचं ते 'आलोय, गेलोय' इथं चालत नाही. लोकाले वाटते, साहेब गाणं म्हणून राहिले."

तुम्ही माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या होतात. मी तुमचा साहेब होतो. आपल्या नात्यातली ही अडचण मी कधी नीट सोडवली नाही. कामात तुमच्याकडून शिकायचो आणि मीटिंगमध्ये तुम्हाला सूचना द्यायचो.

त्यातलीच एक सूचना तांबीची, पाळणा लांबवायला बसवायच्या कॉपर-टीची. तालुक्याच्या मीटिंगमध्ये उभं करून विचारायचे, तुमच्या केंद्राच्या किती झाल्या. आपलं केंद्र यादीत खाली असायचं. परतताना जीपमध्ये मी तुम्हाला म्हणालो होतो, बसवण्याआधी बायकांना माहितीचं कार्ड वाचून दाखवताना तिसरी ओळ सोडून देत जा. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की पाळीत जास्त जाऊ शकतं, पोटात दुखू शकतं, आणि नको वाटली तर कधीही काढून मिळते. "थोडं कमी-जास्त होतं, एवढं पुरे," मी म्हणालो.

तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. मग म्हणालात, "साहेब, तुमी शर्ट घ्यायले जाता तं दुकानदाराले दोनदा इचारता, रंग जाते का म्हणून. आपण तं बाईच्या आंगात वस्तू ठेवून राहिलो."

मी चिडलो. त्याच वर्षी चौथ्या बाळंतपणात एक बाई माझ्या डोळ्यांसमोर गेली होती, रुग्णवाहिका यायच्या आत. मी तिचं उदाहरण दिलं. दुष्परिणाम सांगत बसलो तर कोण बसवेल? आणि नाही बसवली तर पुढे काय होतं ते तुम्हीही पाहिलंय. तुम्ही म्हणालात, "पायलं ना. तांबी वाईट हाय असं मी कुठं म्हणतो? माझ्या बहिणीले मीच बसवली. पण तिले सांगून बसवली. तिले जास्त गेलं तं ते घाबरली नाही, माझ्याकडं आली. न सांगता बसवली ना साहेब, तं बाई घाबरते, आणि आपल्याकडं येतच नाही."

आपला हा वाद त्या जीपमध्ये सुरू झाला आणि संपला नाही. अजूनही मला वाटतं की माझी भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीच्या आड मी यादीतला नंबर लपवत होतो, हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं. तुम्ही तिसरी ओळ वाचणं सोडलं नाहीत. मी मात्र, तुम्ही लसीकरणाला गेलात की, तांबीच्या शिबिरात स्वतः बसायचो आणि ती ओळ गाळायचो. कुंदाची तांबी त्याच शिबिरातली.

ती आली तेव्हा रोवणे, आमच्याकडची भातलावणी, चालू होते. ओपीडीत गर्दी नव्हती, बायका सगळ्या बांधीत, भाताच्या खाचरांत. ती मात्र आली, चिखलाचे पाय तसेच, वय बावीस-तेवीस. तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या गावी होतात. मी विचारलं, काय त्रास? ती खाली बघून म्हणाली, "जाऊन राहिलं जी. तांबी बसवली तईपासून जाऊन राहिलं."

आमच्याकडे पाऊस राहिला म्हणजे पाऊस थांबला. ताप राहिला म्हणजे ताप उतरला. मला ऐकू आलं: गेलं, आणि थांबलं. मी म्हणालो, "मग झालं तर. काळजी करू नको." ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं असेल, डॉक्टरला यात काळजीचं काही दिसत नाही. मी केसपेपरवर लिहिलं: स्राव थांबला. तक्रार नाही.

मी आठ महिने तुमच्याकडून हीच भाषा शिकत होतो. 'येऊन राहिलो', 'जेवून राहिलो' हे मला कळायचं. मग हेच कसं कळलं नाही? यावर मी खूप विचार केलाय, सिस्टर. मला थांबलेलंच ऐकायचं होतं.

तीन दिवसांनी तुम्ही कागद चाळताना म्हणालात, "थांबला? कोण म्हणे?"

"तीच म्हणाली. जाऊन राहिलं म्हणाली."

तुम्ही हसायला लागलात, आणि अर्ध्यात थांबलात. "साहेब, जाऊन राहिलं म्हणजे अजून चालू हाय. त्या बाईचं बंदच नाही झालं." मग सरळ चप्पल पायात घालून निघालात. सायकलवर त्या तलावाकाठच्या गावात गेलात आणि तिला दुसऱ्या दिवशी घेऊन आलात.

ही दुसरी वेळ.

तुम्ही तिची पापणी खाली ओढून मला दाखवलीत. आतून पांढरी. तुम्ही म्हणालात, "काढून टाकू जी. सामान उकळून ठेवलं हाय." कुंदाने यावेळी माझ्याकडे बघून विचारलं, "काढून देता ना जी?"

महिनाअखेर होती. काढलेली तांबी त्याच महिन्याच्या तक्त्यात दुसऱ्या रकान्यात लिहावी लागे आणि त्यावर प्रश्न येत. मी तिला म्हणालो, "तीन महिने दम धर. सवय होते." पुस्तकात हे लिहिलेलं आहे, सुरुवातीला जास्त जातं, पुढे कमी होतं. 'सौम्य' असा शब्द आहे त्या परिणामांना. तुम्ही माझ्या टेबलापाशी वाकून हळू आवाजात म्हणालात, "साहेब, हे बाई दहा घंटे चिखलात वाकून रायते. कपडा बदलवाले आडोसा नाही. तुमचं पुस्तक लिहिणारा रोवण्याले गेला होता का?"

मी ऐकलं नाही. आणि तुम्ही समोर उभ्या होतात म्हणून असेल, मला माघार घ्यायची नव्हती. मी कुंदाला म्हणालो, "काढायचीच असेल तर नवऱ्याला घेऊन ये."

असा नियम नव्हता. तेव्हा नव्हता, आजही नाही. बसवताना मी नवऱ्याला बोलावलं नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं, मला माहीत होतं. फक्त तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "ते तं बाहेरगावी कामाले गेले जी, दिवाळीले येतीन." मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. नवा केसपेपर केला नाही. लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं?

बारा दिवसांनी ती बांधीत पडली. सोबतच्या बायकांनी तिला उचलून शेताच्या धुऱ्यावर आणलं, तिथून बैलगाडीने सडकेपर्यंत. आपल्याकडे आणलीच नाही. थेट भंडाऱ्याला नेली. तिथे रक्त चढवलं, तांबी काढली. ती वाचली. हे वाक्य मी वीस वर्षं उशाशी घेऊन झोपलो. ती वाचली ना, मग झालं.

चौकशी आली. मी खुलासा लिहिला: रुग्णाने स्वतः स्राव थांबल्याचे सांगितले, सोबत केसपेपरची प्रत, समुपदेशन आरोग्यसेविकेमार्फत करण्यात आले होते. यातलं शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता का, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. नाही थांबला. शिबिरात मी बसलो होतो. तुम्ही दहा किलोमीटरवर बाळांना पोलिओचे थेंब पाजत होतात.

तुम्ही मला एकच विचारलंत, "दुसऱ्या खेपेचा कागद कुठं हाय जी?"

"केला नव्हता."

"असं," म्हणालात. तुमची बदली झाली, तुमसरच्याही पलीकडे, जंगलाकाठच्या उपकेंद्रात. मुलगी दहावीला होती. निरोपाला चहा झाला, मी भाषण केलं, तेव्हाही 'कर्तव्यदक्ष' म्हणालो असणार. जाताना तुम्ही मला इतकंच म्हणालात, "आता भाषा कळते ना साहेब? मंग चांगलं."

तुम्ही वर का कळवलं नाहीत, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुमच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता म्हणून? की तुम्ही वाट बघत होतात, मी स्वतः कळवण्याची? हे एक विचारायचं राहिलं.

पुढे मी शिकलो, मोठा झालो, जिल्ह्याच्या प्रशिक्षणांमध्ये शिकवू लागलो. आणि सिस्टर, मी या गोष्टीचा विनोद केला. नव्या नर्सेस, नवे डॉक्टर समोर बसलेले असायचे. 'रुग्णाची भाषा' या तासाला मी सांगायचो: मी साताऱ्याचा, बाई म्हणाली जाऊन राहिलं, मी लिहिलं थांबला! हॉल हसायचा. मग मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, बघा, एका शब्दाने काय होतं. टाळ्या पडायच्या. नवरा आणायला सांगितल्याचा भाग त्या गोष्टीत नव्हता. चूक भाषेची होती, माझी नव्हती, आणि कुंदाचं तर नावही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तुमचा फोन आला. निवृत्तीनंतर पहिलाच. "साहेब, आमच्या शेजारची पोरगी नर्स झाली. तुमच्या ट्रेनिंगमधून आली तं हसून हसून सांगून राहिली. लय छान सांगता म्हणे तुमी." मग म्हणालात, "अर्धीच काहून सांगता?"

मी दुसऱ्या दिवशी कारध्याला आलो. तुम्ही अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसला होतात. मी खुर्चीवर बसलोही नाही. म्हणालो, सिस्टर, मी तुमच्यावर ढकललं, तुमची बदली माझ्यामुळे झाली, मला माफ करा. तुम्ही सुपातून नजर वर काढली नाहीत.

"बसा तं आधी. बदली तं सरकारी माणसाची होतेच. त्या जंगलात मले चांगल्या बाया भेटल्या. मोहफुलाचे लाडू खाल्ले, तब्येत सुधारली माझी." मग सूप खाली ठेवून म्हणालात, "माझ्यापाशी कायले आले जी? माझ्या आंगातून रगत गेलं का? जिचं गेलं तिच्याकडं जा."

मी म्हणालो, इतक्या वर्षांनी? ती विसरली असेल. जुनी जखम कशाला उकरायची?

"जखम तिची हाय. उकरायची का नाही, ते तीच सांगन. तुमी परस्पर काहून ठरवून राहिले? तईबी तुमीच ठरवलं, आताबी तुमीच."

तुम्ही डाळ आणि भात जेवू घातलात, परत निघताना पिशवीत काकड्या दिल्यात. मी जाईन म्हणालो. गेलो नाही. प्रशिक्षणात ती गोष्ट सांगणं मात्र बंद केलं, आणि तेवढ्याने मला बरं वाटलं. मी इतका स्वस्तात सुटणारा माणूस आहे, हे तुम्हाला माहीत होतं. गेल्या महिन्यात दवाखान्यात तुम्हाला भेटलो तेव्हा तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही फक्त म्हणालात, "गेले होते का?" कुठे, ते विचारायची गरज नव्हती. मी म्हणालो, "जाईन सिस्टर, या आठवड्यात." तुम्ही डोळे मिटलेत. दमून मिटलेत की मला कंटाळून, कळलं नाही.

तुम्हाला राग येत नसे असं कार्यक्रमात कुणी तरी म्हणालं. चूक आहे. तुम्हाला राग यायचा, पण तो तुम्ही माणसाला शिक्षा करायला वापरत नसत. तुम्ही माझ्याकडून काही तरी चांगलं होईल अशी वीस वर्षं वाट पाहिलीत. इतकी वाट माझी दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही. त्याचे आभार मानायलाही मी कारध्याला आलो नाही. आता मानतो.

कार्यक्रमानंतर घरी न जाता मी गाडी सानगडीच्या रस्त्याला लावली, आणि तिथून आत तलावाकाठच्या त्या गावाला. घर विचारत गेलो. सुनेने बाज टाकून दिली. कुंदा आतून हात पुसत आली. आता पंचेचाळिशीच्या आसपास, केस पुढून पिकलेले.

"कोण जी? सर्वेवाले का? पोराचं आधार कार्ड भंडाऱ्याले हाय."

मी नाव सांगितलं. तिला ओळख लागली नाही. मग केंद्राचं नाव सांगितलं, तांबीचं सांगितलं. ती हळूच बाजेच्या टोकाला बसली. सुनेला म्हणाली, "चहा ठेव वं." सून आत गेल्यावर मला विचारलं, "मेश्रामबाई गेल्या म्हणे?"

"हो. तिथूनच आलो."

"चांगली बाई होती. मले सायकलवर बसवून नेलं होतं तिनं." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "आता काहून आले जी? काई लिहून पायजे का? सही?"

मी म्हणालो, सही नको. तेव्हाचं काय आठवतं, ते मला ऐकायचं आहे.

"आठवते ना. रगताचं नाही आठवत येवढं. सगळे म्हणत, सवय होते, सवय होते. डाक्टर म्हणे, सासू म्हणे. मले वाटे का मीच नखरे करून राहिली. बाकी बायाइचं कसं होते? मीच कामचुकार. म्हणून रोवण्याले गेली मी त्या दिवशी. नाई तं गेली नसती." ती हसली, कसनुसं. "पडली तई पहिले काय वाटलं सांगू? बरं झालं, आता तं खरं मानतीन."

चहा आला. मी घेतला नाही, ती म्हणाली थंडा होते, तरी घेतला नाही. बाजेवरून उठलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. मनात जुळवून आणलेलं सगळं, साताऱ्याची भाषा, महिनाअखेर, तालुक्याची मीटिंग, तिथेच सोडून दिलं. जे बोललो ते तुम्हाला जसंच्या तसं लिहून कळवतो:

"कुंदाबाई, तुम्ही नखरे करत नव्हता. तुमचं खरं होतं आणि तुम्ही दुसऱ्यांदा आलात त्याच दिवशी ते मला कळलं होतं. बसवताना तुम्हाला काय होऊ शकतं ते मी मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही काढायला आलात तेव्हा काढणं माझं काम होतं, आणि नवऱ्याला आणायचा नियम मी तिथल्या तिथे बनवला, तुम्हाला परत पाठवायला. नंतर कागदावर मी खोटं लिहिलं आणि मेश्राम सिस्टरवर ढकललं. तुम्ही मरता मरता वाचलात ते माझ्यामुळे नाही, माझ्या हातून सुटून. मला माफ करा. आणि करावंसं वाटलं नाही, तर करू नका."